मराठी मंडळीत समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना सामावून घेताना

एखाद्या ख्रिस्ती मंडळीला समलिंगी, उभयलिंगी (स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण असणाऱ्या) किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचे स्वागत करण्याची मनापासून इच्छा असेल, तर तिने आधी पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत बसून काही प्रश्नांची उत्तरे ठरवावीत आणि मगच व्यासपीठावरून काही जाहीर करावे. अशी व्यक्ती प्रभूभोजन घेऊ शकेल का? गायनमंडळात गाऊ शकेल का? संडे स्कूलमध्ये शिकवू शकेल का? कमिटीच्या निवडणुकीला उभी राहू शकेल का? नाताळच्या स्नेहभोजनाला तिच्या जोडीदाराला बोलावणे जाईल का? आमच्याकडे सर्वांचे स्वागत आहे, असे सांगून वर्षभराने त्या माणसाला गायनमंडळातून हळूच बाजूला करणे हे पहिल्याच दिवशी नकार देण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागते, कारण तोवर त्याने मंडळीवर विश्वास टाकलेला असतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः महाराष्ट्रातील चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मराठी मंडळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. इतर मंडळ्यांनी आपापल्या नियमांप्रमाणे त्यात फेरफार करावा.

या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे मंडळीच्या हातात आहेत, काहींची नाहीत, आणि हा फरक येणाऱ्या व्यक्तीला स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. समलिंगी जोडप्याचे लग्न लावणे हे स्थानिक मंडळीच्या अधिकारात नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, त्यामुळे समलिंगी असणे हा गुन्हा आहे ही भीती कोणी दाखवू नये. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे आणि ती पाळकांना फारशी माहीत नसते: पारलिंगी व्यक्तीचे नाते स्त्री-पुरुषाचे असेल, तर प्रचलित विवाहकायद्यांखाली तिला लग्न करता येते. म्हणून एखादी पारलिंगी स्त्री आणि तिचा होणारा नवरा लग्नाची विचारणा करण्यासाठी पाळकांकडे आले, तर त्यांना दारातूनच परत न पाठवता बिशपांशी आणि एखाद्या जाणकार वकिलाशी बोलून मग उत्तर द्यावे.

कमिटीचा विचार पक्का होण्यासाठी अभ्यास लागतो आणि तो घाईने होत नाही. महिन्यातून एकदा, संध्याकाळी, दहा-बारा जणांनी पवित्र शास्त्र उघडून बसावे. त्यांत पाळक असावेत, महिला मंडळातील दोघी-तिघी असाव्यात, तरुण संघातले कोणी असावे आणि या विषयाला ज्यांचा विरोध आहे असेही एक-दोन जण जरूर असावेत. ज्या वचनांचा आधार घेऊन समलिंगी व्यक्तींना दूर ठेवले जाते ती वचने टाळू नयेत: उत्पत्तीचा १९ वा अध्याय, लेवीय १८ आणि २०, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, १ करिंथ ६ आणि १ तीमथ्य १. ती मोठ्याने वाचावीत, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली ते पाहावे, आणि उत्पत्ती १९ मध्ये नाश पावलेल्या सदोम नगराचा दोष कोणता हे यहेज्केल १६:४९ मध्ये संदेष्टा काय सांगतो तेही शेजारी ठेवून वाचावे. तेथे गर्व, अन्नाची चंगळ आणि गरिबांकडे केलेली पाठ यांचा उल्लेख आहे. त्यानंतर यशया ५६ आणि प्रेषितांची कृत्ये ८ घ्यावीत. गाडीत बसून यशया वाचणारा तो हबशी अधिकारी षंढ होता, नियमशास्त्राप्रमाणे त्याला मंडळीत प्रवेश नव्हता, आणि वाटेत पाणी दिसताच त्याने सोबत बसलेल्या सुवार्तिक फिलिप्पाला विचारले की माझ्या बाप्तिस्म्याला आता काय अडचण आहे. फिलिप्पाने त्याला विश्वासाखेरीज दुसरी कोणतीही अट घातली नाही. दोघे पाण्यात उतरले. हा उतारा वाचल्यावर गटाने काही वेळ शांत बसावे आणि मग प्रत्येकाने एकच सांगावे: त्या गाडीत मी असतो, तर फिलिप्पाकडून मला काय हवे असते? माझ्या मते वादविवादाच्या चार बैठकांत जे साधत नाही ते या एका प्रश्नाने साधते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत यासाठी आधार शोधायला फार लांब जावे लागत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांनी एकत्र बसवले, आणि ते त्या काळच्या अनेकांना रुचले नव्हते. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने लैंगिक विविधतेच्या प्रश्नावर काम करणारा एक राष्ट्रीय मंचही उभा केला आहे. त्यांच्याकडे अभ्यासासाठी साहित्य आणि वक्ते मागता येतात. हा विषय बाहेरून आणलेला आहे असे कोणी म्हणाले, तर ही दोन्ही उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवावीत.

कॅथलिक धर्मग्रामांसाठी, विशेषतः वसईकडील मराठी धर्मग्रामांसाठी, थोडक्यात एवढेच सांगणे पुरेसे आहे की कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात समलिंगी व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव टाळावा असे म्हटले आहे, आणि १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना लग्नविधीसारखे स्वरूप न देता साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली आहे. विवाहाविषयीची शिकवण बदललेली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

आता ज्या बाबीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ती सांगतो, आणि ती म्हणजे गुपित राखणे. मराठी मंडळी एखाद्या मोठ्या कुटुंबासारखी असते. कोणाच्या घरी काय चालले आहे हे बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत कळते आणि रविवारपर्यंत सर्वांना माहीत होते. त्यात वाईट हेतू नसतो. एखादी मावशी डोळे मिटून म्हणते, “प्रभू, अमक्या बहिणीच्या मुलाला तू मार्गावर आण,” आणि त्या एका वाक्याने, खोलीत बसलेल्या पंधरा जणांसमोर, जे त्या मुलाने केवळ पाळकांना सांगितले होते ते उघड होते. त्यानंतर तो मुलगा पुन्हा चर्चमध्ये पाऊल ठेवत नाही आणि घरात काय भोगतो ते आपल्याला कळतही नाही. म्हणून कमिटीने असा नियम करावा की कोणाचीही लैंगिक ओळख, त्या व्यक्तीच्या स्पष्ट परवानगीशिवाय, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा उच्चारायची नाही. पाळकांनी ती आपल्या पत्नीला किंवा पतीलाही सांगायची नाही, आणि आईवडिलांना तर मुळीच नाही. महिला मंडळाच्या आणि तरुण संघाच्या पदाधिकाऱ्यांना हा नियम समोर बसवून समजावून सांगावा, नुसते परिपत्रक काढून भागणार नाही. आपल्याकडे एखादा अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी बोलायला आली, तर बंद खोलीत एकट्याने न बसता, इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी बसावे.

पाळकांनी ऐकून घेताना सल्ला देण्याची घाई करू नये. तू हे आणखी कोणाला सांगितले आहेस, घरी तुला धोका आहे का, आणि मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, एवढे तीन प्रश्न पहिल्या भेटीला पुरतात. उपास-प्रार्थना करून ही ओळख बदलण्याचा प्रयत्न, सुटकेची प्रार्थना, दुष्टात्मा काढण्याचा विधी किंवा लग्न लावून दिले की सगळे ठीक होईल हा सल्ला यांपैकी काहीही आपल्या मंडळीत होणार नाही, हे कमिटीने लिहून ठेवावे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. डॉक्टरांना ज्याची मनाई आहे ते पाळकांनी देवाच्या नावाने करावे हे कोणत्याही अर्थाने योग्य नाही, आणि घाईने लावलेल्या लग्नात तर आणखी एका निरपराध मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य ओढले जाते. मनःस्थिती फारच बिघडलेली दिसली, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा, आणि त्याच वेळी फोन लावून शेजारी बसावे. आईवडील स्वतःहून पाळकांकडे आले, तर त्यांना दोष देऊ नये. त्यांनाही कोणाशी तरी बोलायचे असते. मुंबईतील ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या पालकांचा गट याच कामासाठी आहे, आणि मुंबईचाच हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी काम करतो.

उपासनेतील आणि कार्यालयातील लहान बाबी लवकर सुधारता येतात. सदस्यत्वाच्या अर्जात पती किंवा पत्नीच्या नावाऐवजी कुटुंबातील व्यक्तींची नावे विचारावीत. वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस असणाऱ्यांना पुढे बोलावून प्रार्थना करण्याची पद्धत असेल, तर अविवाहितांनाही त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाच्या दिवसासाठी पुढे येता यावे. जेथे स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात तेथे पारलिंगी व्यक्तीला हवे तिथे बसू द्यावे आणि कोणीही मागे वळून पाहत राहू नये. शिबिराच्या वेळी झोपण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृह यांची व्यवस्था आधी त्या व्यक्तीला खासगीत विचारून करावी. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना प्रत्येक तरुणाला “मग, तुझं कधी?” असे विचारण्याची आपल्याला सवय आहे, ती प्रेमाची असली, तरी ज्येष्ठांनी ती सोडावी.

पारलिंगी व्यक्तींविषयी एक वेगळी सूचना. तृतीयपंथी समाजात राहणाऱ्या व्यक्तींकडे चर्च पुष्कळदा मदत वाटण्याच्या नजरेने पाहते; नाताळला साड्या आणि धान्य दिले की काम झाले असे वाटते. त्यांना उपासनेत शास्त्रवाचन करायला सांगावे, दानार्पणाची थैली फिरवायला द्यावी, त्यांचे म्हणणे कमिटीत ऐकावे. त्यांनी सांगितलेल्या नावानेच त्यांना हाक मारावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जुने नाव असेल, तर मूळ नोंद न खोडता बिशपांच्या परवानगीने नव्या नावाचा शेरा लिहावा, आणि नवे पत्र किंवा दाखला देताना ते नवे नाव वापरावे.

मंडळीत विरोध होणारच. काही कुटुंबे दशांश, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान, बंद करू असे म्हणतील, काही जण दुसऱ्या चर्चमध्ये जातील. त्यांच्या घरी पाळकांनी आणि कमिटीच्या एखाद्या वडिलांनी स्वतः जावे, चहा घ्यावा, त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे. वचनाचा अर्थ वेगळा लावण्याचा त्यांचा अधिकार मान्य करावा. मात्र कोणाची टिंगल करणे, प्रभूभोजनाच्या वेळी उठून जाणे किंवा कोणाच्या घरी जाऊन धमकावणे चालणार नाही, हेही त्याच भेटीत सांगावे. समलिंगी सदस्याला मात्र या विरोधकांना समजावण्याच्या कामाला जुंपू नये. आपली साक्ष दे, म्हणजे लोकांचे मन बदलेल, असा आग्रह त्याला धरला जातो आणि त्याचे खासगी आयुष्य सर्वांच्या चर्चेचा विषय होते.

मृत्यूच्या प्रसंगी मंडळीची खरी कसोटी लागते. अनेक वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराला दफनविधीत शेवटच्या रांगेत उभे करणे, शोकसंदेशात त्याचे नावही न घेणे, असे घडते. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मंडळीने हे माहीत करून घ्यावे, आणि सदस्य जिवंत असतानाच त्याची इच्छा लिहून घ्यावी: दफन कोठे व्हावे, कबरीवर कोणते नाव असावे, घरच्यांच्या शेजारी कोण बसावे, पहिली माती कोणी द्यावी. ते पत्र पाळकांकडे बंद लिफाफ्यात राहावे.

शेवटी नोंदीचा प्रश्न उरतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळकांची बदली होते, आणि एका पाळकाच्या मायेवर उभे राहिलेले स्वागत त्यांच्याबरोबरच निघून जाते. यरुशलेमेतील सभेने परराष्ट्रीयांविषयीचा, म्हणजे यहूदी नसलेल्यांविषयीचा, निर्णय पत्रात लिहून अंत्युखियाच्या बंधुजनांकडे पाठवला होता, हे प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये आहे. तसाच ठराव कमिटीने इतिवृत्तात लिहावा: प्रभूभोजन, गायन, शिकवणे, निवडणूक, गुप्तता आणि दफन यांविषयी काय ठरले, कोणत्या गोष्टी मंडळीच्या अधिकारात नाहीत, आणि तक्रार असल्यास कोणाकडे जायचे. त्याची प्रत बिशपांच्या कार्यालयाला द्यावी, नवे पाळक आले की पहिल्याच बैठकीत ती वाचून दाखवावी, आणि वर्षातून एकदा ज्यांच्यासाठी हा ठराव केला त्यांना एकेकटे भेटून विचारावे की यातले प्रत्यक्षात काय घडले आणि काय कागदावरच राहिले.