रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नाही? आधी अडतंय कुठे ते शोधा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानात हिशेबाचा मुख्य कॉम्प्युटर आतल्या खोलीत असतो आणि पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) करायच्या असतात बाहेर काउंटरवर. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा कॉम्प्युटर माळ्यावर आणि मशीन खाली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शाहूपुरीत ज्यांनी मुख्य कॉम्प्युटर कायमचा वरच्या मजल्यावर नेला, त्यांनाही जिने चढ-उतर करण्यापेक्षा खालूनच त्यावर काम करता आलेलं हवं असतं. चार-पाच कॉम्प्युटरच्या अशा जाळ्यात विंडोजचं रिमोट डेस्कटॉप फार कामाचं आहे. विंडोज प्रो असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत आणि एकदा नीट बसवलं की वर्षानुवर्षं चालतं.

आणि मग एखाद्या सकाळी ते जोडलंच जात नाही. “काल चालत हुतं की, आज काय झालंय कळंना,” असं म्हणत लोक दिसेल ते बटण बदलायला लागतात. फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सोय) बंद, अँटिव्हायरस बंद, राउटर रिसेट. कधीकधी यातून ते सुरूही होतं, पण कशामुळे ते कुणालाच कळत नाही आणि बंद केलेली फायरवॉल तशीच राहून जाते. म्हणून माझा आग्रह असा, की एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि कशालाही हात लावण्याआधी पडद्यावरचा संदेश पूर्ण वाचा.

संदेश काय सांगतो

या लेखात ज्या कॉम्प्युटरवर जायचं आहे त्याला ‘मुख्य’ म्हणू आणि ज्यावरून जायचं त्याला ‘काउंटर’.

काउंटरवर विंडोजचं बटण आणि आर दाबून उघडलेल्या खिडकीत एम, एस, टी, एस, सी ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करा. जोडणीची खिडकी उघडेल. मुख्यचा नेटवर्कवरचा पत्ता (तो कसा शोधायचा ते पुढे येतं) टाकून कनेक्ट दाबल्यावर साधारण तीनपैकी एक गोष्ट होते. पहिल्या प्रकारात थोडा वेळ थांबून ‘जोडता येत नाही’ असं येतं आणि खाली कारणं दिलेली असतात: रिमोट चालू केलेलं नाही, तो कॉम्प्युटर बंद आहे किंवा तो नेटवर्कवर नाही. म्हणजे तुम्ही मुख्यपर्यंत पोचलेलाच नाही. इथे पासवर्ड बदलत बसू नका, त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या प्रकारात नाव-पासवर्ड विचारलं जातं आणि मग ते चुकीचं आहे असं सांगितलं जातं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, आता केबल आणि राउटरला हात लावू नका. तिसऱ्यात पासवर्ड बरोबर असूनही ‘या खात्याला दूरवरून येण्याची परवानगी नाही’ असं येतं. हे सगळ्यांत सोपं प्रकरण आहे, ते पुढे येईलच.

पोचतच नसाल तर

मुख्यपाशी जा. तो चालू आहे का, की झोपला आहे? स्लीपमध्ये गेलेला कॉम्प्युटर जोडणीला उत्तर देत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर असं जाऊन स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करा. पडदा बंद झाला तरी चालेल, मशीन झोपता कामा नये. वळवाच्या दिवसांत लाईट जा-ये करते, त्यासाठी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू’ अशा अर्थाचा पर्याय बहुतेक मदरबोर्डवर असतो, तो लावून घ्या. राउटर आणि केबली एकत्र जोडणारा नेटवर्क स्विचही यूपीएसवर हवेत. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून उपयोग नाही, कारण लाईट गेली की मधला रस्ताच बंद होतो.

मग विंडोजची आवृत्ती बघा: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे ‘होम’ लिहिलं असेल तर त्या कॉम्प्युटरवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, होमवर येता येत नाही. मुख्यवर प्रो लागतं. बाजारातले बरेच लॅपटॉप होम घेऊन येतात, त्यामुळे मुख्य म्हणून नवा लॅपटॉप ठेवला आणि जोडणी बंद पडली, तर कारण बहुधा हेच. यावर इंटरनेटवरून कुठली तरी जोडफाईल उतरवून होमवरच चालवण्याचे उपाय सांगितले जातात. ते करू नका. परवान्यात बसत नाही, अपडेट आलं की मोडतं, आणि अनोळखी फाईल हिशेबाच्या कॉम्प्युटरवर जाते. प्रो परवडत नसेल तर एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखा दुसरा मार्ग घ्या. एनीडेस्क धंद्यासाठी वापरायचं तर त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवा.

प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे ते खरंच चालू आहे का, हे डोळ्यांनी बघा.

पत्ता बदलला असेल

माझ्या मते छोट्या ऑफिसांतली निम्मी दुखणी इथेच असतात. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता वाटतो, आणि लाईट जाऊन आल्यावर तो वेगळा वाटू शकतो. काल मुख्य १९२.१६८.१.१४ होता, आज तो १९२.१६८.१.१७ झाला, आणि काउंटर अजून १४ चाच दरवाजा वाजवतोय.

मुख्यवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि ‘आयपीव्ही४’ समोरचा आकडा कागदावर लिहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल बघा. भिंतीकडच्या टोकाला क्लिप तुटलेली आणि चिकटपट्टीने धरून ठेवलेली केबल बघितली असेलच तुम्ही. कॉम्प्युटरच्या पाठीमागे जिथे केबल बसते तिथला बारीक दिवा लागलेला नसेल, तर बाकीचं सगळं सोडून आधी ती केबल बदला.

पत्ता बदलल्याचं दिसलं तर नुसता नवा टाकून थांबू नका, पुढच्या वेळी हेच होणार. राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असा पर्याय असतो, तिथे मुख्यसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. पत्त्याऐवजी कॉम्प्युटरचं नाव वापरलं तरी चालतं. नावाने जमत नाही आणि आकड्याने जमतं, असं झालं तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे, इतकं तरी पक्कं होतं.

आणखी एक भानगड सीसीटीव्हीची. कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या पेटीला) स्वतःच्या सोयीचा कायमचा पत्ता देऊन जातो आणि नेमका तोच पत्ता राउटर कधीतरी कॉम्प्युटरला देतो. मग जोडणी कधी होते, कधी नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. मुख्यची केबल काढा, त्यावर वायफाय चालू असेल तर तेही बंद करा, आणि काउंटरवरून त्याच पत्त्याला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत, जागा आणि तो पत्ता टाइप करा. तरीही उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलंय.

दोन राउटर, दोन गल्ल्या

हा दोष सगळ्यांत जास्त वेळ खातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फायबरवाला स्वतःचा राउटर लावून जातो. मागच्या गोदामात वायफाय पोचत नाही म्हणून आपण दुकानातून दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडतो. इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण मुख्यवर आयपीकॉन्फिग केलं तर १९२.१६८.१.१४ दिसतो आणि गोदामातल्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.०.६. तिसरा आकडा बघा: एकीकडे १, दुसरीकडे ०. ही दोन वेगळी जाळी झाली. मुख्य दुसऱ्या राउटरच्या मागे असेल, तर पुढच्या बाजूचा कॉम्प्युटर त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. उलट दिशेने मात्र बहुतेक वेळा जमतं. म्हणूनच ‘गोदामातून जोडलं जातं, पण दुकानातून गोदामात जात नाही’ अशी चक्रावून टाकणारी तक्रार येते.

उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करणं. त्याच्या सेटिंगमध्ये तसा मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्यातलं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करा. त्याला स्वतःला पहिल्या राउटरच्या जाळ्यातला एक मोकळा पत्ता द्या आणि येणारी केबल वेगळ्या रंगाच्या वॅन खाचेतून काढून लॅनच्या खाचेत लावा. दोन्ही राउटर आणि कॉम्प्युटर एकदा बंद-चालू करा. आता सगळीकडे तिसरा आकडा सारखा दिसला पाहिजे.

काउंटरचा लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरीही असंच अडतं. पाहुण्यांच्या वायफायवरून ऑफिसातले कॉम्प्युटर दिसू नयेत म्हणूनच ती सोय असते.

दार उघडं आहे का

पत्ता बरोबर, जाळं एकच, तरी जोडत नाही? मग काउंटरवर पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची दुसरी खिडकी, उघडा. टी, एन, सी ही अक्षरं, जागा, मुख्यचा पत्ता, जागा, डॅश लावून पोर्ट हा शब्द, जागा आणि ३३८९. रिमोट डेस्कटॉप याच ३३८९ क्रमांकाच्या दारातून चालतं. एंटर दाबल्यावर शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर दार उघडं आहे. ‘फॉल्स’ आलं तर हीच कमांड मुख्यवर बसून, पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहून चालवा. तिथे ट्रू आणि काउंटरवरून फॉल्स, म्हणजे बहुतेक वेळा फायरवॉल अडवते आहे. तिथेही फॉल्स, तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ चालू आहे का ते बघा.

नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नसेल तरी रिमोट डेस्कटॉप व्यवस्थित चालू शकतं.

फायरवॉल अडवत असेल तर ती बंद करायची गरज नाही. मुख्यवरचं नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. मग फायरवॉलच्या ‘परवानगी दिलेली ॲप’ यादीत रिमोट डेस्कटॉपच्या ओळीवर प्रायव्हेटखाली खूण करा. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, हीच परवानगी तिथेही द्यावी लागेल.

पासवर्ड बरोबर, तरी नाही

रोज सकाळी चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तोच पासवर्ड वाटतो. पिन त्या एका मशीनपुरता असतो, दूरवरून चालत नाही. खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तरीही विंडोज बाहेरून येऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. नावाची खात्री नसेल तर मुख्यवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूॲमआय’ हा शब्द सलग इंग्रजीत टाइप करा. कॉम्प्युटरचं नाव, तिरकी रेघ आणि खात्याचं नाव असं उत्तर येईल, ते जसंच्या तसं वापरा. खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड द्या. तरी नाकारलं तर सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या पानावर ‘फक्त विंडोज हॅलो’ असा पर्याय चालू आहे का बघा. तो बंद करून मुख्यवर एकदा खराखुरा पासवर्ड टाकून आत जा, मग बाहेरून प्रयत्न करा.

मी सुचवेन ते असं, की या कामासाठी मुख्यवर वेगळं साधं खातं उघडा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि रिमोट डेस्कटॉपच्या पानावरच्या वापरकर्त्यांच्या यादीत ते जोडा. ‘परवानगी नाही’ या तिसऱ्या संदेशाचा उपायही हाच आहे. अंदाजाने पासवर्ड मारत बसू नका. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद होतं.

तारीख-वेळेत फरक असल्याचा संदेश आला तर दोन्ही कॉम्प्युटरची घड्याळं बघा. जुन्या मशीनमधला सीआर २०३२ हा बटणसेल संपला की बंद केल्यावर तारीख मागे जाते. ‘क्रेडएसएसपी’ असा शब्द दिसला तर एक कॉम्प्युटर अद्ययावत आणि दुसरा २०१८ च्या सुरक्षा अपडेटआधीचा आहे असं समजा. मागे असलेल्याचं अपडेट पूर्ण करा, सुरक्षा कमी करणारी सेटिंग शोधू नका.

जोडलं जातंय पण आतला माणूस बाहेर फेकला जातोय, तर तो दोष नाही. विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. दोघांनी एकाच वेळी पट्ट्या करायच्या असतील तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बहुवापरकर्ता परवाना हवा.

घरून जोडायचं असेल तर

बरेच जण विचारतात, राउटरमध्ये ३३८९ बाहेरच्या जगाला उघडं करून दिलं तर घरून काम होईल ना? कुणी तसं करून देतो म्हणाला तरी नको म्हणा. उघडं ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात आणि फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक याच वाटेने आत येतात. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली एक त्रुटी इतकी गंभीर निघाली, की मायक्रोसॉफ्टने आधार थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. दाराचा क्रमांक बदलल्याने काही दिवस लपता येतं, संरक्षण मिळत नाही. मुख्यवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही ध्यानात घ्या.

घरून यायचं तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खाजगी बंदिस्त रस्ता, वापरा. वायरगार्ड किंवा टेलस्केल दोन्ही कॉम्प्युटरवर बसवलं की घरचा लॅपटॉप जणू दुकानातच असल्यासारखा वागतो, राउटरमध्ये ३३८९ उघडायला लागत नाही. टेलस्केलने मुख्यला दिलेला १०० ने सुरू होणारा पत्ता त्याच जोडणीच्या खिडकीत टाका. अनेक इंटरनेटवाले घरगुती जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, अशा ठिकाणीही टेलस्केल चालतं.

आधी कुणी ३३८९ उघडून ठेवलं असेल तर राउटरच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’च्या यादीतून ती ओळ आजच काढा, यूपीएनपी (राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा आणि मुख्यवरच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला.