पहिली लेन्स सेकंडहँड घ्यायला निघण्यापूर्वी

सर्वप्रथम टॉर्च. पुढची यादी वाचताना हे मागे पडेल, म्हणून आधीच सांगतो की वापरलेली लेन्स पाहायला जाताना खिशात लहान पण प्रखर टॉर्च असलाच पाहिजे. मोबाइलच्या दिव्याने काम भागते. परंतु त्याच मोबाइलवरून विक्रेत्याला शोधणे, घासाघीस करणे आणि पैसे पाठवणे चालू असते, त्यामुळे दिवा लावायचा राहून जातो. माझा राहिला. श्रावणातल्या एका संध्याकाळी दादर स्थानकाच्या पुलावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, मी कॅननची ५० मिमी एफ १.८ लेन्स साडेचार हजारांना घेतली. काच वरून लख्ख होती, दोन्ही झाकणे आणि मूळ खोकेही होते. गणपतीत आरतीचे फोटो काढले तेव्हा निरांजनाच्या प्रत्येक ज्योतीभोवती दुधाळ वलय आले आणि मखरामागचा काळा पडदा राखाडी दिसू लागला. त्या रात्री टॉर्च लावून पाहिले, तर आतल्या काचेच्या कडेने कोळिष्टकासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. ती बुरशी होती.

आता क्रमाने. पैसे बाजूला काढण्याआधी आपल्याला कोणती लेन्स हवी आहे, हे आपल्याच फोटोंना विचारावे. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने काढलेले शेवटचे दोनशे फोटो संगणकावर उघडून प्रत्येकाच्या तपशिलात फोकल लेंग्थ (मिमीतला आकडा; तो जितका लहान, तितके दृश्य रुंद) पाहावी. बहुतेक फोटो १८ ते २४ च्या दरम्यान असतील, तर ‘पहिली लेन्स म्हणजे पन्नासच’ हा सार्वत्रिक सल्ला तुमच्यासाठी नाही. कॅननच्या लहान सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद होते. दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदी चौकटीत मावते, म्हणजे आपल्याकडच्या दिवाणखान्यात भिंतीला पाठ टेकूनही सहा माणसांचे कुटुंब मावत नाही. त्याच अंतरावरून २४ मिमी एफ २.८ मध्ये सव्वानऊ फूट मावतात. एकेका माणसाचे चेहरे टिपायचे असतील तर मात्र पन्नासला स्वस्तात तोड नाही, कारण १८-५५ लेन्स ५५ वर फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाशाचे छिद्र मोठे) आणि एफ १.८ तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. जिथे शटर एक-दशांश सेकंदावर अडकून हात हललेला दिसत होता, तिथे एक-शतांश सेकंद मिळतो.

लेन्स कॅमेऱ्यावर बसते का, हे पाहायचे असते हे सर्वांना माहीत असते. बसल्यावर ती चालते का, हे पाहायचे मात्र राहते. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुनी एएफ-डी लेन्स (जी फोकससाठी कॅमेऱ्यातल्या मोटरवर अवलंबून असते) नीट बसते, फोटोही निघतो, परंतु फोकस हातानेच करावा लागतो. त्यामुळे नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) असल्याची खात्री करावी. कॅननच्या पन्नासमध्ये १९९० च्या मॉडेलचा माउंट (कॅमेऱ्याला जोडला जाणारा भाग) प्लॅस्टिकचा आहे, तर २०१५ च्या एसटीएम या मॉडेलचा धातूचा. एसटीएमची फोकसची कडी कॅमेरा बंद असताना फिरवली तरी आत काही हलत नाही. तो बिघाड नव्हे.

भेटीची वेळ दिवसाची ठरवावी. स्वतःचा कॅमेरा, कार्ड, भरलेली बॅटरी न्यावी, हे सांगायला नको. आणि टॉर्च. दिवसाउजेडी कशाला, असे म्हणू नका. आतली बुरशी उन्हातही सहज दिसत नाही, ती आरपार जाणाऱ्या तिरप्या झोतात उठून दिसते. पुढचे-मागचे झाकण काढून मागून किंचित तिरका झोत टाकावा आणि पुढून पाहावे, मग लेन्स उलटी धरून तेच करावे. निकॉनच्या बहुतेक लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर त्यांची आतली, प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी पाती मिटलेली असतात. मागची छोटी दांडी हलक्या हाताने सरकवून ती उघडावीत, नाहीतर झोत आरपार जाणारच नाही. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत, फोटोत त्यांचा पत्ताही लागत नाही. तंतू, जाळे किंवा पिसासारखा डाग दिसला तर लेन्स परत ठेवावी. ‘पुसलं की जातं’ असे विक्रेता म्हणेल. आतली काच बाहेरून पुसता येत नाही, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर लेन्स उघडून साफ केली तरी तो परत येत नाही. मला साफसफाईचा खर्च दोन हजार सांगितला गेला, तोही वलय जाईल याची हमी न देता.

त्यानंतर लेन्स कॅमेऱ्यावर लावून जवळ-दूर फोकस करावा, आवाज ऐकावा, वर्तमानपत्राचे पान भिंतीला धरून एफ १.८ आणि एफ ८ वर फोटो काढावेत आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. घासाघीस नंतर. पैसे त्याहून नंतर. टॉर्च लावलात ना?

बिल असेल तर घ्यावे, त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळवावा. फिल्टर (लेन्सपुढे लावायची जादा काच) गळ्यात मारू देऊ नये. घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक आधीच आणून ठेवावेत, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा; पावसाळाभर लेन्स कपाटातल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नये. टॉर्चमधले सेल आदल्या रात्रीच तपासावेत.