एकच मेसेज पाच ग्रुपवर टाकताना या चुका टाळा

एकच मजकूर चार ठिकाणी टाकणं हा काही गुन्हा नाही. कार्यक्रमाची वेळ बदलली, तर ती संबंधित सगळ्या ग्रुपना कळवायलाच हवी. मेसेज दोनदा दिसला म्हणून लोक फारसे वैतागत नाहीत. आपण लिहिलेलं उत्तर फुकट गेलं की मात्र डोकं फिरतं.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती तोच प्रश्न तीन ग्रुपवर टाकून गप्प बसण्याची चूक. समजा, 'अपडेटनंतर लॅपटॉप बाहेरची हार्ड डिस्क ओळखत नाही' असं तुम्ही सकाळी तीन ग्रुपवर विचारलंत. पहिल्या ग्रुपवर कुणीतरी लगेच सांगितलं, 'केबल बदलून बघा.' बदललीत, डिस्क चालू झाली. तिकडे तिसऱ्या ग्रुपवर दुपारी एक जाणकार, ड्रायव्हर काढून परत कसा टाकायचा हे स्क्रीनशॉटसकट लिहीत बसलाय. खरा प्रकार कळल्यावर पुढच्या वेळी तुमचं नाव दिसताच तो पुढे सरकणार, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

उपाय दोन ओळींचा: "हाच प्रश्न अमुक ग्रुपवरही विचारलाय, लिंक खाली आहे. उत्तर मिळालं की दोन्हीकडे कळवेन." आणि मग खरंच कळवा. 'झालं, धन्यवाद' एवढ्यावर भागत नाही. काय केल्यावर झालं ते लिहा. सहा महिन्यांनी तीच अडचण घेऊन शोधत येणाऱ्याला तुमच्या आभारांचा काय उपयोग? खरं तर आधी एकाच ठिकाणी विचारावं, दोनेक दिवस वाट पाहावी आणि मगच दुसरं दार ठोठवावं, हेच बरं.

1980 साली सुरू झालेल्या यूजनेटवर, म्हणजे विषयवार चर्चा-ग्रुपांच्या जुन्या जाळ्यावर, एकच मजकूर अनेक ग्रुपवर टाकायची फार छान सोय होती. एकाच लेखाच्या वरच्या भागात तीन ग्रुपची नावं लिहिली की सर्व्हरवर लेख एकदाच साठवला जायचा, तिन्हीकडे दिसायचा. एकीकडे वाचला की चांगलं सॉफ्टवेअर बाकीकडेही तो वाचलेला धरायचं. 'फॉलोअप-टू' या ओळीत एका ग्रुपचं नाव घातलं की पुढची उत्तरं तिथेच जमायची. ही सोय धाब्यावर बसवून अमेरिकेतल्या दोन वकिलांनी एप्रिल 1994 मध्ये ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात साडेपाच हजारांहून जास्त ग्रुपवर सुटी सुटी टाकली. तक्रारींचा एवढा पूर आला की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर कोलमडले.

आजच्या बहुतेक ग्रुपवर 'फॉलोअप-टू'सारखी ओळ नसते, तेव्हा 'चर्चा त्या ग्रुपवर करू' हे आपणच लिहायचं.

मेलिंग लिस्टचा, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या यादीचा, घोळ वेगळा. चार लिस्टचे पत्ते एकाच मेलवर घातले की 'सगळ्यांना उत्तर' दाबणारा त्यातल्या एखाद्याच लिस्टचा सभासद असतो. बाकीकडे त्याचं उत्तर मंजुरीसाठी अडकतं किंवा परत येतं. मग कुणाला प्रश्न दिसतो, कुणाला नुसती उत्तरं.

व्हॉट्सॲपवर लोक सरळ फॉरवर्ड दाबतात. पाच किंवा जास्त हात फिरून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. महत्त्वाची सूचनासुद्धा मग ढकलपत्रासारखी दिसते नि न वाचताच वर सरकते. त्यापेक्षा मजकूर नव्याने टाका आणि तो या ग्रुपच्या कामाचा का आहे, हे पहिल्या ओळीत सांगा. ती ओळ सुचत नसेल, तर त्या ग्रुपला मेसेजची गरज नाही. सगळीकडे माणसं तीच असतील आणि ग्रुप एका कम्युनिटीत (अनेक ग्रुप एकत्र बांधायची व्हॉट्सॲपची सोय) असतील, तर घोषणांच्या ग्रुपवर एकदाच टाका.

टाकून झालंय, आता काय? व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढूनही टाकता येतो. पण उत्तरं आली असतील तर काढू नका, ती अधांतरी लटकतात. त्याखाली 'पुढचं बोलणं अमुक ग्रुपवर' एवढं लिहा. आणि कुठे कुठे टाकलंय याची यादी ठेवा, कारण वेळ पुन्हा बदलली की जुनी वेळ नेमकी विसरलेल्या ग्रुपवर तशीच राहते.