पाणी नितळ दिसतंय, पण पिण्याजोगं आहे का? या चुका टाळा

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी दिसायला नितळ होतं आणि चवीलाही चांगलं. इतकं, की दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा मुद्दाम त्याच पंपाचं पाणी मागवून प्यायची. त्या साथीत ती गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी कुणी कुठलं पाणी प्यायलं याच्या नोंदी जुळवल्या आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. पुढे खोदून पाहिलं तर विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एक गळका मैलाखड्डा होता.

आजही आपण पाण्याची परीक्षा डोळ्यांनी आणि जिभेनंच करतो. गढूळ दिसलं की सावध होतो, नितळ दिसलं की निर्धास्त. पण जंतू, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काहीही नजरेला पडत नाही.

टीडीएसचा आकडा बघून निवाडा करणं

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. एवढंच त्याचं काम. मीटरवर ८० सारखा कमी आकडा आला म्हणून त्यात सांडपाणी मिसळलेलं नाही, असं म्हणता येत नाही. आर्सेनिकचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. तिच्या पन्नासपट आर्सेनिक असलं तरी ते होतं अर्धा मिलिग्रॅम. त्यानं मीटरचा आकडा हलतसुद्धा नाही!

आकडा जरा जास्त दिसला की घाबरून अनेकजण गरज नसताना आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारा फिल्टर, बसवतात. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुतेकदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. क्षार खरोखर जास्त असतील किंवा तपासणीत फ्लोराइड-आर्सेनिक निघालं असेल तर तो जरूर बसवा, आणि बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा.

अर्धवट उकळणं, आणि उकळण्यावर नको तेवढा भरवसा

भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले की गॅस बंद केला जातो. ती उकळी नव्हे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट तसंच ठेवा. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

उकळल्यानं जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. उलट वाफ होऊन पाणी आटतं आणि नायट्रेट, फ्लोराइड तेवढंच राहून दाट होतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी उकळून तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधासाठी वापरणं फार धोक्याचं आहे. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं घटते. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल, तर नायट्रेटची तपासणी अजिबात टाळू नका.

गढूळ पाण्यात औषध ओतणं

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. मी घागरभर पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले, मनाच्या समाधानासाठी दोन-चार जास्तच, आणि अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, केली. नळीतलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं, पण पिवळेपणाचा मागमूस नव्हता. सगळं क्लोरीन गाळानंच खाल्लं होतं. दुसऱ्या घागरीत तुरटी फिरवली, पाणी रात्रभर निवळू दिलं, गाळ न हलवता वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळलं आणि मोजकेच थेंब टाकले. अर्ध्या तासानं नळीत फिकट पिवळा रंग आला.

म्हणजे आधी निवळणं, मग गाळणं, मग क्लोरीन, आणि त्यानंतर अर्धा तास थांबणं. हा क्रम मोडू नका. नुसत्या तुरटीवरही थांबू नका. पाणी नितळ होतं, पण जंतू उरतात. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती ताजी आहे ना ते बघा. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं, पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली की ते उडून जातं आणि हातात नुसता चुना उरतो. प्यायच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल तर नाक मुरडू नका, तो वास म्हणजे पाण्यात अजून संरक्षण शिल्लक आहे.

शुद्ध केलेल्या पाण्यात हात बुडवणं

इतकं सगळं करून शेवटी पेला थेट भांड्यात बुचकळला जातो, बोटांसकट. उकळलेल्या पाण्यात नव्या जंतूंना मारणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे हे जास्तच महागात पडतं. अरुंद तोंडाचं, तोटीचं भांडं घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते जमिनीवर न टेकवता टांगा. झाकून नीट ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही; कालचं आहे म्हणून रोज भांडंभर पाणी ओतून देऊ नका.

नळाला थेट पंप जोडणं

यावर मला फार कळकळीनं सांगायचं आहे, कारण याचा त्रास शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही होतो. पाइपलाइनमध्ये दाब असेपर्यंत गळतीतून पाणी बाहेर जातं. पंपानं ओढलं की दाब उलटा होतो आणि त्याच भेगांमधून बाजूच्या गटाराचं पाणी आत येतं. पाणी आधी टाकीत येऊ द्या, मग पंपानं वर चढवा. तसंच नळाला लावलेल्या रबरी नळीचं टोक साबणाच्या बादलीत बुडवून ठेवू नका. पाणी अचानक गेलं तर बादलीतलं पाणी नळात ओढलं जाऊ शकतं.

तपासणीचा नमुना कसाही नेणं

धुतलेली जुनी बाटली जंतूंच्या तपासणीसाठी चालत नाही. प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, झाकणाला आतून बोट लावू नका, बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. विहीर असेल तर पावसाच्या सुरुवातीला तपासणी करा, तेव्हाच घाण आत उतरते. संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब हवा.

गळतीकडे 'थेंबच तर आहे' म्हणून बघणं

ठिबकणाऱ्या तोटीखाली एक पेला ठेवा आणि तासाभरानं मोजा. पाव लिटर भरलं तर दिवसाला सहा लिटर झालं. संडासाच्या टाकीची गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतला रबरी वॉशर बदलायला झाला आहे.