कुंडीत बुलबुल बसलाय, झाडाला पाणी घालू का?

घाला. फक्त मातीला घाला, बुलबुलाला नको. बारीक तोंडाची झारी कुंडीच्या कडेला टेकवून सावकाश ओतायची, तीही पक्षी स्वतःहून उठून गेला असेल तेव्हा. घरट्याचा तळ भिजला की अंडी गार पडतात. लालबुड्या बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या बारा-एक दिवसांत उडून जातात. म्हणजे सगळा मामला महिन्याभराचा. तेवढे दिवस चादरी दुसरीकडे वाळत घाला. फोटो नीट यावा म्हणून पानं मात्र छाटू नका. त्या पानांमुळेच घरटं कावळ्याला दिसत नाही, आणि तुम्ही दिवसातून दहादा तिथे डोकावलात तर समोरच्या तारेवरचा कावळा हिशेब लावतोच.

कावळा रोज टपली मारतो, पितर नाराज आहेत का? पितरांचा संबंध नाही, त्या झाडावर पिल्लं आहेत. एप्रिल ते जून हा त्यांचा हंगाम. झाडाखालून जाताना छत्री उघडा किंवा पंधरा दिवस पलीकडच्या फुटपाथने जा. दगड भिरकावलात तर टपल्या वाढतील.

पिल्लू खाली पडलंय, हात लावला तर आई टाकून देते ना? नाही. पाखरं सोवळं पाळत नाहीत. आधी पिल्लू नीट बघा. अंगभर पिसं, आखूड शेपूट आणि टुणटुण उड्या असतील तर ते पडलेलं नाही, घर सोडून निघालंय. मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या झुडपावर ठेवा आणि घरात जा. तुम्ही तिथे उभे असलात तर आईबाप चारा घेऊन येणार नाहीत. पिल्लू उघडंबोडकं असेल तर पुन्हा घरट्यात ठेवा. घरटंच मोडलं असेल तर छोट्या टोपलीत काथ्या घालून ती मूळ जागेजवळच बांधा आणि तासभर खिडकीआडून पाहा. चोचीत पाण्याचे थेंब टाकू नका. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी थेट तिथे जातं. दूध-पोळीही नको. पक्षी जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. ‘बरा होईपर्यंत पाळतो’ म्हणू नका, रानपक्षी घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

एक पक्षी तासन्‌तास गाडीच्या आरशाशी भांडतो, वेडा झालाय का? वेडा नाही, संशयी आहे. बहुधा नर शिंजीर (सूर्यपक्षी) किंवा दयाळ असेल. विणीच्या दिवसांत आरशातला ‘तो’ त्याला आपल्या हद्दीत घुसलेला वाटतो, आणि हा परका तर कधीच माघार घेत नाही! आरशाला जुना पायमोजा चढवा. खिडकीची काच असेल तर वर्तमानपत्र बाहेरून चिकटवा. आतून पडदा ओढला तरी बाहेरच्या उजेडामुळे प्रतिबिंब तसंच राहतं.

चिमण्यांसाठी विकत घरटं आणलं, दोन वर्षं रिकामंच आहे. भोक मोजलंत? चिमणीला 32 मिमी पुरतं. पाच सेंटिमीटरचं असेल तर साळुंकी ताबा घेते, तक्रार कुठे करणार? तळ साधारण 12 × 12 सेंमी आणि भोकापासून तळापर्यंत निदान 12 सेंमी खोली हवी, नाहीतर कावळ्याची चोच आत पोचते. भोकाखाली छान दिसणारी काडी उपटून टाका. चिमणीला ती लागत नाही, शत्रूला मात्र आयती पायरी मिळते. आतून रंग किंवा व्हार्निश नको. तळाला पाच मिमीची चार भोकं पाडा. जागा आठ-दहा फूट उंच, वळचणीखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. जवळपास पंखा फिरत असेल तर घरटं लावूच नका. एवढं करूनही रिकामं राहिलं तर बागेतली फवारणी आठवा. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. किडे नसतील तर बाजरीचं पोतं ठेवूनही पाळणा हलणार नाही.

दाणे किती? एक मूठ बाजरी किंवा तांदळाची कणी, तासाभरात संपेल एवढीच. उरलेल्यावर रात्री उंदीर येतात आणि दिवसा पारवे. फरसाण तुम्हीच खा.

पाण्याला मातीची खरबरीत थाळी, तीन-चार सेंमी पाणी आणि मधे एक दगड. स्टील मे महिन्यात तापतं, शिवाय त्यावर पाय घसरतो. पाणी रोज बदला, दर दोन दिवसांनी नारळाच्या शेंडीने घासा, साबण नको. थाळी झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा, म्हणजे मांजराची उडी पोचायच्या आत पक्षी उडेल.

आणि पहाटे चारला ओरडणारी ती कोकिळा? ती नव्हे, तो. काळा, लाल डोळ्यांचा नर कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी नुसतं किक-किक करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून येते. त्याला गप्प करायचा उपाय नाही. पावसाळा सरेपर्यंत कानात कापूस घाला.