सायलेंट की झालेल्या सभासदांची आठवण जपताना या चुका टाळा

हौशी रेडिओ क्लबच्या ‘सायलेंट की’ यादीत, म्हणजे निधन झालेल्या सभासदांच्या यादीत, बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: नाव, कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळालेली अक्षर-आकड्यांची ओळख) आणि तारीख. दहा वर्षांनी क्लबमध्ये आलेल्या सभासदाला त्यातून काय कळणार? हा माणूस कोणत्या बँडवर (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर) असायचा, त्याचा मोर्सचा (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीचा) हात कसा होता, रिपीटर (संदेश पकडून पुन्हा दूरवर पाठवणारं यंत्र) बंद पडला की टॉवरवर कोण चढायचं, हे सगळं यादीबाहेरच राहतं आणि ज्यांना ते ठाऊक आहे तेही एकेक करून जातात. माझ्या मते आठवण जपायची म्हणजे आधी ही माहिती जपायची. फोटो आणि मौन त्यानंतर. या कामात क्लब हमखास कुठे चुकतात आणि चूक होऊन गेली असेल तर ती कशी निस्तरायची, ते खाली लिहिलं आहे.

खात्री न करता बातमी सांगणं

कॉलसाइनमधलं एक अक्षर चुकलं की भलताच माणूस ‘गेलेला’ ठरतो. आवाजावर बोलताना बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं गोंगाटात एकसारखीच ऐकू येतात. मोर्समध्ये यू आणि व्ही यांत, किंवा एस आणि एच यांत, फक्त एका डिटचा, म्हणजे टिंबाचा, फरक. बँड खराब असताना कानावर पडलेली बातमी पुढच्या नेटवर (सभासदांच्या ठरलेल्या वेळी हवेत भरणाऱ्या सभेत) जशीच्या तशी सांगितली जाते आणि तासाभरात ती तीन देशांत पोचलेली असते.

म्हणून क्लबनं एक माणूस ठरवून ठेवावा. घरच्यांशी तोच बोलेल आणि त्यांनी ‘सांगा’ म्हटल्यावरच नेटवर घोषणा होईल. घोषणा करताना कॉलसाइन फोनेटिक उच्चारानं (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरून) दोनदा सांगावा. चुकीची बातमी गेलीच असेल तर दुरुस्ती त्याच नेटवर, त्याच वेळी आणि तितक्याच ठळकपणे करावी. एका ग्रुपवर गुपचूप संदेश पुसून टाकल्यानं काही होत नाही, कारण ज्यांनी तो वाचला ते पुन्हा तिथे पाहायला येत नाहीत.

फक्त कॉलसाइनवर यादी चालवणं

कॉलसाइन माणसाबरोबर कायमचा संपतोच असं नाही. अमेरिकेत मृत्यूनंतर दोन वर्षं तो सर्वसाधारण अर्जदारांना मिळत नाही. जवळच्या नातेवाइकांना, किंवा त्यांच्या संमतीनं क्लबला, मात्र त्याआधीही मागता येतो. दोन वर्षांनंतर तो कोणाही पात्र अर्जदाराकडे जाऊ शकतो. मग एखादा नवा हॅम (हौशी रेडिओ ऑपरेटर) हौसेनं स्वतःचा कॉलसाइन शोधतो आणि त्याला तो तुमच्या स्मृतियादीत दिसतो!

अशी तक्रार आली तर जुनी नोंद काढू नका. कॉलसाइनपुढे ‘कधीपासून कधीपर्यंत’ हे वर्षांसह लिहा आणि नाव आधी, कॉलसाइन नंतर असा क्रम ठेवा. परवान्याची श्रेणी बदलल्यावर किंवा दुसऱ्या देशात राहायला गेल्यावर अनेकांचे कॉलसाइन बदललेले असतात. ते सगळे एकाच नोंदीत आले नाहीत तर एकच माणूस यादीत दोनदा दिसतो.

रिपीटरवरचं मौन

इथे हेतू चांगला असतो, पण बहुतेक वेळा यंत्राचा विचारच झालेला नसतो. नेट कंट्रोल (नेट चालवणारा) श्रद्धांजलीचे चार शब्द बोलतो आणि पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबूनच ठेवतो, म्हणजे मध्ये कोणी येऊ नये. पण बऱ्याच रिपीटरना सलग बोलणं फार लांबलं की प्रसारण तोडणारा टाइम-आउट टायमर असतो. तो अनेकदा तीन मिनिटांच्या आसपास लावलेला असतो आणि मौनाआधीचं बोलणंही त्याच वेळेत मोजलं जातं. ऐन मौनात रिपीटर पडतो, आणि पुढचा प्रत्येक जण ‘ऐकू येतंय का’ असं विचारू लागतो.

पीटीटी सोडून द्या. आधी स्पष्ट सांगा, ‘आता एक मिनिट फ्रीक्वेन्सी मोकळी राहील, तातडीचं काम असेल तर ब्रेक म्हणा.’ एक मिनिट पुरेसं होतं. दुसऱ्या एका स्टेशनला तयार ठेवा. त्या मिनिटात कोणी अनोळखी माणूस कॉल करत आला तर त्या स्टेशननं हळू आवाजात काय चाललं आहे ते सांगावं. त्याच्यावर खेकसू नका. तो आपल्या सभासदाला ओळखत नव्हता, एवढाच त्याचा दोष. उलट त्याला थांबवून घ्या आणि आपण कोणाची आठवण काढतो आहोत ते सांगा. कितीतरी वेळा असा माणूस म्हणतो, ‘यांच्याशी माझा एक क्यूएसओ (रेडिओवरचा संपर्क) झाला होता.’

अशा नेटवर संगीत लावू नये. हौशी बँडवर त्याला जवळपास सगळीकडे मनाई आहे. घरच्यांपैकी कोणाला बोलायचं असेल तर आपल्या देशाचे त्रयस्थ संदेशांचे नियम आधी वाचावेत आणि परवानाधारक ऑपरेटरनं शेजारी बसून स्टेशन सांभाळावं.

गेलेल्या माणसाच्या कॉलसाइननं बोलणं

काही क्लबांत अखेरचा कॉल देण्याची पद्धत आहे. नेट कंट्रोल त्या सभासदाचा कॉलसाइन तीनदा पुकारतो, दर वेळी उत्तरासाठी थांबतो आणि शेवटी मोर्समध्ये एसके (संपर्क संपल्याची खूण) पाठवतो. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. पण एखाद्याला पुकारणं वेगळं आणि त्याच्या कॉलसाइननं स्वतःची ओळख देणं वेगळं. परवाना त्या व्यक्तीचा असतो आणि तिच्याबरोबर संपतो. त्याची की (मोर्स पाठवायची कळ) वापरा, त्याचा माइक वापरा, पण ओळख स्वतःच्या किंवा क्लबच्या कॉलसाइननंच द्या.

कॉलसाइन हवेत जिवंत ठेवायचा असेल तर रीतसर वाट आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीगचे संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम १९३६ मध्ये गेले. त्यांचा डब्ल्यू१एडब्ल्यू हा कॉलसाइन त्यांच्या स्मरणार्थ लीगच्या मुख्यालयाच्या स्टेशनला मिळाला. १९३८ मध्ये न्यूइंग्टन इथे त्यासाठी खास इमारत उभी राहिली, आणि आजही तिथून मोर्सच्या सरावाचे पाठ प्रसारित होतात. जॉर्डनचे राजे हुसेन यांचा कॉलसाइन जेवाय१ होता. ते १९९९ मध्ये गेले आणि २०१८ मध्ये त्यांच्या आठवणीत जेवाय१सॅट हा छोटा उपग्रह कक्षेत गेला. तुमच्या क्लबला उपग्रह सोडायचा नाही, पण घरच्यांची लेखी संमती घेऊन परवाना देणाऱ्या खात्याकडे तोच कॉलसाइन क्लबसाठी किंवा थोड्या दिवसांसाठी विशेष कॉलसाइन मागता येतो का, हे नक्की विचारा.

कोणालाही लागू पडेल असा लेख

‘मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर.’ या तीन शब्दांत कोणताही माणूस बसतो, म्हणजेच कोणीच दिसत नाही. लेख लिहिणाऱ्याला नीट प्रश्न देऊन बसवा. पहिला ट्रान्समीटर विकत घेतलेला की घरी बनवलेला? सकाळी किती वाजता, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर सापडायचे? कोणत्या सभासदांना त्यांनी मोर्स शिकवला? बोलणं संपवताना ७३ च्या (निरोपाच्या शुभेच्छांच्या संकेताच्या) आधी काय म्हणायचे? क्लबच्या कोणत्या अँटेनाला आजही त्यांचंच नाव आहे?

लॉगबुक मिळालं तर अर्धं काम झालं. कागदी लॉगचं एक पान उघडा. डावीकडे तारीख आणि वेळ, मग फ्रीक्वेन्सी, समोरचा कॉलसाइन, दिलेले-घेतलेले सिग्नलचे रिपोर्ट. पण माणूस सापडतो तो उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात. ‘नवा बॅलन लावला, एसडब्ल्यूआर उतरला’ (म्हणजे अँटेनाची जुळणी सुधारली). ‘पावसामुळे नॉइज एस९’ (म्हणजे गोंगाट भरपूर). ‘याची मुलगीही ऐकत होती.’ घरच्यांना चालत असेल तर अशा पानाचा स्वच्छ फोटो लेखाबरोबर द्या.

मात्र लॉगमधल्या तारखा जपून वापरा. वेळ बहुधा यूटीसीमध्ये (ग्रिनिचच्या प्रमाणवेळेत) लिहिलेली असते. ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्याचा पहाटेचा क्यूएसओ आदल्या दिवसाच्या तारखेखाली सापडतो, तर पश्चिमेला राहणाऱ्याचा संध्याकाळचा दुसऱ्या दिवसाच्या. ‘शेवटचा क्यूएसओ अमुक दिवशी’ असं लिहिताना हा फरक पडताळला नाही तर घरचे म्हणतात, ‘त्या दिवशी तर ते दवाखान्यात होते.’

आवाजाचंही तसंच. नेटची जुनी ध्वनिमुद्रणं सभासदांच्या फोनवर आणि संगणकावर पडून असतात. ती पहिल्या आठवड्यातच मागवा, नंतर कोणाला सापडत नाहीत. साध्या कीवर पाठवणाऱ्या माणसाचा हात जाणकार दोन अक्षरांत ओळखतात, तेव्हा मोर्सचं मुद्रण मिळालं तर ते आवाजाइतकंच मोलाचं समजा.

शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) घाई करणं

सर्वांत जास्त मनं इथे दुखावतात. अंत्यविधी उरकायच्या आत ‘तो रिग (रेडिओ संच) विकायचा आहे का’ असे फोन घरी जाऊ लागतात. सामानाचा विषय घरचे काढतील तेव्हाच काढायचा, हा क्लबचा नियमच असावा. त्यानंतर दोघांनी मिळून यादी करावी, किमती दुसऱ्या कोणाकडून ठरवून घ्याव्यात, आणि यादी करणाऱ्यांनी सगळ्यांना कळल्याशिवाय स्वतः काही घेऊ नये.

एकही वायर काढण्याआधी सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. लिनिअर ॲम्प्लिफायरचं (सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या यंत्राचं) झाकण, कामाची माहिती नसेल तर, अजिबात उघडू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि ब्लीडर रोधक (साठलेली वीज काढून टाकणारा भाग) निकामी झालेला असला तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. जुन्या तेलभरल्या डमी लोडमधल्या (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायच्या डब्यातल्या) तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ते कुठेही ओतू नका. टॉवर उतरवण्याचं काम भावनेच्या भरात रविवारी सकाळी चार जणांनी मिळून करायचं नाही. टॉवरला ताणून धरणाऱ्या गंजलेल्या तारा आणि जवळून जाणारी वीजवाहिनी अनुभवी माणसांनाही धोक्याची असते.

आणि फेकायचं काय, हे शेवटी ठरवा. हार्ड डिस्क, वह्या, हातानं काढलेली सर्किटं, नाव नसलेले घरगुती डबे हे बाहेरच्याला भंगार वाटतं, पण त्या माणसाचं निम्मं आयुष्य त्यात असतं. जुनी वार्तापत्रं आणि तांत्रिक कागद जगभर उपलब्ध व्हावेत म्हणून इंटरनेट आर्काइव्हनं २०२२ मध्ये हौशी रेडिओसाठी स्वतंत्र डिजिटल ग्रंथालय सुरू केलं आहे.

क्यूएसएल कार्डं

संपर्काची पोच म्हणून आलेली ही कार्डं फलकावर डिंकानं चिकटवू नका आणि लॅमिनेटही करू नका. मागच्या बाजूचा मजकूर कायमचा जातो, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. संग्रह ठेवायला कोणी नसेल तर व्हिएन्नातल्या रेडिओ दस्तऐवज संग्रहालयासारख्या संस्था गेलेल्या हॅमची कार्डं सांभाळतात. पाठवण्याआधी त्या सभासदाच्या स्वतःच्या कार्डाच्या काही कोऱ्या प्रती क्लबकडे काढून ठेवा.

ब्युरोतून (कार्डांची देवघेव करणाऱ्या केंद्रातून) कार्डं पुढची काही वर्षं येतच राहतात. समोरच्यानं मनापासून पाठवलेलं असतं, त्याला गप्प बसवू नये. घरच्यांनी परवानगी दिली तर एका सभासदानं लॉग पाहून क्यूएसएल मॅनेजर म्हणून उत्तरं द्यावीत आणि कार्डावर ऑपरेटर सायलेंट की झाल्याची एक ओळ लिहावी.

त्यांच्या नावावर काय काय होतं?

रिपीटरचा किंवा क्लब स्टेशनचा परवाना, संकेतस्थळाचं नाव, नियंत्रणाचे सांकेतिक आकडे, बँकेतली सही. यातलं एक जरी एकाच माणसाकडे असेल तर आजच दुसरं नाव जोडा.

ज्येष्ठ असेपर्यंत न विचारणं

१८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिन; १९२५ मध्ये त्याच दिवशी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली. त्या दिवशी भाषणं कमी करा आणि क्लबच्या सर्वांत जुन्या सभासदांना जुने फोटो घेऊन बसवा. समोर फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि तो क्रमांक मोठ्यानं उच्चारून मगच विचारा, ‘डावीकडून तिसरे कोण?’ नाहीतर नंतर ऐकताना कोणत्या फोटोबद्दल बोलणं चाललं होतं तेच कळत नाही. मिळालेली नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते.