टोल्युइन हाताळताना या चुका टाळा: अर्थिंग, ग्लोव्हज, मीटर आणि रिकामं बॅरल

रंग, शाई, चिकटवायचं सोल्युशन, थिनर, औषधांचे रिअॅक्टर (केमिकलची प्रक्रिया होते त्या बंद टाक्या), जिकडे जाल तिकडे टोल्युइन हे पातळ सॉल्व्हंट आहेच, आणि तारापूर असो की अंबरनाथ, महाड, लोटे, एमआयडीसीत रोज हाताखालून जातं म्हणून त्याची भीतीच उरलेली नाही. अपघात झाला की सगळे विचारतात, अहो पण आग लागली कशाने, तिथे ना वेल्डिंग चालू होतं ना कोणी बिडी ओढत होतं. खरं सांगायचं तर टोल्युइनला त्यातलं काहीच लागत नाही, आणि हे एकदा नीट समजलं की खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, आहे ४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडे थंडी असो, पाऊस असो, ते पेट घ्यायला कायम तयार. हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असली की मिश्रण पेटतं, आणि आता हे नीट वाचा, २५ ते ३० अंशाला अर्धवट भरलेल्या बंद बॅरलमध्ये वर जी मोकळी जागा असते तिथे वाफ असते ४ ते ५ टक्के, म्हणजे बरोबर मधोमध! पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आतल्या आत सहसा पेटत नाही, टोल्युइनच्या बाबतीत आपलं नेहमीचं हवामानच नेमकं घातक ठरतं. शिवाय ठिणगी लागते ती फक्त ०.२४ मिलिज्यूल ऊर्जेची. माणसाला स्टॅटिकचा (घर्षणाने साठलेल्या विजेचा) झटका जाणवतो तोच मुळात १ मिलिज्यूलच्या आसपास, त्यामुळे तुम्हाला कळणारसुद्धा नाही एवढ्याशा ठिणगीने भडका होऊ शकतो.

चूक: क्लिप लावली म्हणजे अर्थिंग झालं

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. टोल्युइन विजेचं अतिशय वाईट वाहक आहे, पाइपमधून, पंपातून, फिल्टरमधून वाहताना त्यात चार्ज साठतो आणि तो लवकर उतरत नाही. म्हणून बॅरल, पंप, नोझल आणि ज्यात भरताय ते भांडं, सगळं एकमेकांना क्लिप लावलेल्या वायरने जोडायचं आणि मग अर्थला, म्हणजे चार्ज जमिनीत उतरतो. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. बॅरलच्या काठाला रंगाचा जाड थर, क्लिपचे दात बोथट झालेले, त्यावर वाळलेलं रेझिन, क्लिप लटकलेली दिसते म्हणून ऑपरेटर खूश आणि सुपरवायझरही खूश. मीटर लावून बघा एकदा, बॅरलचा धातू ते अर्थची पट्टी रेझिस्टन्स १० ओहमच्या आत यायला हवा, जास्त येत असेल तर क्लिप टोकदार दातांची घ्या, काठावरचा रंग त्या जागी खरवडा (बॅरल भरायच्या आधी, वाफेत नाही) आणि वायर कुठे तुटलीय का ते तपासा. क्लिप आधी लावायची मग बूच उघडायचं, आणि काम संपल्यावर बूच आधी बंद मग क्लिप काढायची, हा क्रम उलटा करू नका.

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉइनला एका सॉल्व्हंटच्या गोदामात साध्या स्टीलच्या टोट टाकीत (हलवता येणाऱ्या टाकीत) इथाइल अॅसिटेट हे टोल्युइनसारखंच पेटणारं सॉल्व्हंट भरताना आग लागली. टाकीला अर्थ होतं, पण भरायचं धातूचं नोझल आणि ते जागेवर राहावं म्हणून त्याला लावलेलं स्टीलचं वजन, हे काहीच टाकीशी जोडलेलं नव्हतं. म्हणजे मोठी वस्तू अर्थ केलेली आणि छोटी मोकळी सोडलेली, आणि ठिणगी नेहमी या छोट्या मोकळ्या धातूवरूनच उडते. आपल्याकडचं याचंच रूप म्हणजे प्लास्टिकच्या कॅनवर ठेवलेलं पत्र्याचं नरसाळं, किंवा तारेचा दांडा असलेली प्लास्टिकची बादली. प्लास्टिकला कितीही अर्थिंगची क्लिप लावा, उपयोग शून्य. पाच लिटरच्या वर प्लास्टिकमध्ये टोल्युइन घेऊच नका, आणि त्याच्या आतसुद्धा धातूचं सेफ्टी कॅन मिळतं ते घ्या.

वरून धार सोडून भरणं ही पण तीच चूक. पाइप किंवा नोझल तळापर्यंत न्यायचं आणि टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली ठेवायचा. घाई असते, टँकर उभा असतो, सगळं मान्य, पण सुरुवातीचा तेवढा वेळ तरी हळू भरा. आणि एक गैरसमज, पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून स्टॅटिक होत नाही असं बरेच जण म्हणतात. दमट हवेने कपड्यांवरचा, अंगावरचा चार्ज कमी होतो हे खरं, पण बंद पाइपातून वाहणाऱ्या टोल्युइनमधला चार्ज तसाच राहतो, तेव्हा जुलैमध्येसुद्धा क्लिप लागतेच.

चूक: उघड्या मॅनहोलमधून पावडर ओतणं

रिअॅक्टरमध्ये आधी टोल्युइन घेतलं आणि मग ऑपरेटर मॅनहोलवर वाकून प्लास्टिक लायनरची (आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली) बॅग झटकतोय, हे चित्र बॅच प्लांटमध्ये काम केलेल्या कोणालाही ओळखीचं आहे आणि माझ्या मते आख्ख्या प्लांटमधलं सगळ्यात धोक्याचं काम हेच. लायनर झटकल्यावर त्यावर चार्ज येतो, खाली वाफ तयारच असते, आणि भडका वर येतो तो सरळ माणसाच्या तोंडावर. नायट्रोजन चालू आहे ना साहेब (तो आतली हवा हटवतो म्हणून आग लागत नाही), असं उत्तर मिळतं, पण मॅनहोल उघडलं की पावडरबरोबर हवा आत जाते आणि नायट्रोजनचा भरवसा संपतो, उलट तिथे डोकं घातलेल्या माणसाला ऑक्सिजन कमी पडतो ते वेगळंच. प्रोसेसला चालत असेल तर पावडर आधी टाका, मॅनहोल बंद करा, नायट्रोजनने पर्ज करा (आतली हवा बाहेर काढा) आणि मग टोल्युइन घ्या. चालत नसेल तर बंद पद्धतीने पावडर चार्ज करायची सोय करा. खर्च आहे, पण तो मालकाने करायचा आहे, हेल्परने स्वतःचं तोंड भाजून नाही.

वास येत नाही, मीटर शून्य दाखवतंय, मग डोकं का दुखतंय?

हा प्रश्न हमखास येतो. टोल्युइनचा वास थोड्याशा प्रमाणालाही येतो, पण थोड्या वेळाने नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे टोल्युइन गेलं असं वाटतं. मीटरचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी असतं ते एलईएल मीटर, म्हणजे आग लागेल का एवढंच सांगणारं. एलईएल म्हणजे वाफ पेटायला लागते ती खालची मर्यादा, टोल्युइनसाठी वर सांगितलेले १.१ टक्के. हिशेब करून बघा, १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). मीटरचा अलार्म साधारण १० टक्के एलईएलला लावलेला असतो, म्हणजे १,१०० पीपीएमला. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टमध्ये आठ तासांची मर्यादा होती १०० पीपीएम, आणि ५०० पीपीएमला अमेरिकेची नायॉश ही संस्था जिवाला तात्काळ धोका मानते. थोडक्यात अलार्म वाजायच्या कितीतरी आधी माणूस झिंगतो, चक्कर येते, पाय लटपटतात, शिडीवर असेल तर पडतो. माणसांसाठी पीपीएममध्ये मोजणारं पीआयडी मीटर लागतं, दोन्ही मीटरची कामं वेगळी आहेत. वर्षानुवर्षं वाफ घेतली तर ऐकू येण्यावर आणि मेंदूवर परिणाम होतो, आणि गरोदर बाईने तर या कामाच्या आसपासही नसावं.

एक्झॉस्ट लावलाय तरी वाफ जात नाही? मग तो छताजवळ लावला असेल. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीवर पसरते, गटारात उतरते, लांब जाऊन पेटते आणि आग तिथून मागे येते. ओढ खालून हवी, आणि पंखा फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर आग लावू न देणाऱ्या) मोटरचा, घरातला साधा एक्झॉस्ट फॅन लावणं म्हणजे वाफेत स्वतःच ठिणगी नेऊन ठेवणं.

कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज लागतं. टाकीत उतरायचं असेल तर तेही चालत नाही, बाहेरून हवा देणारी एअरलाइन, वर्क परमिट, ऑक्सिजनचं रीडिंग आणि वर एक माणूस. आतला माणूस पडला म्हणून दुसरा तसाच उतरला तर तोही आतच राहतो, हे लक्षात असू द्या.

ग्लोव्हज फुगून चिकट होतात अशी तक्रार असेल तर ते साध्या रबराचे आहेत, टोल्युइनपुढे ते टिकत नाहीत. नायट्राइलसुद्धा शिंतोड्यांपुरतेच, भिजले की लगेच बदला. सतत हात घालायचं काम असेल तर व्हायटॉनचे (सॉल्व्हंटला टिकणाऱ्या खास रबराचे) लागतात, महाग आहेत पण दुसरा इलाज नाही. आणि शिफ्ट संपल्यावर थिनरने हात धुणं कृपा करून बंद करा, ते कातडीतलं तेल काढून टाकतं, भेगा पडतात आणि थोडं अंगातही जातं.

सांडलं तर

पहिली चूक म्हणजे दिवे-पंखे बंद करायला बोर्डाकडे पळणं, स्विचमध्येच ठिणगी पडते, लाइट बाहेरच्या मेन स्विचवरून तोडा. दुसरी चूक पाण्याचा पाइप सोडणं. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत गटारात जातं आणि आग लागलेली असेल तर आगच पसरते. वाळू टाका, गटाराचं तोंड अडवा, छोट्या आगीला डीसीपी (ड्राय केमिकल पावडर) किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), मोठीला फोम. कपडे भिजले असतील तर आधी ते काढा, लाजू नका, भिजलेल्या कपड्यांनिशी वाफेत उभं राहणं फार धोक्याचं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा. कोणी चुकून प्यायलं तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला लावू नका, ओकताना ते फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट, सरळ दवाखान्यात न्या आणि सोबत बॅरलवरचं लेबल किंवा एमएसडीएस (केमिकलच्या धोक्यांचा माहितीचा कागद) घ्या.

चूक: रिकामं बॅरल म्हणजे निर्धोक बॅरल

दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये पेट घेणारी हवा तयार व्हायला टोल्युइन किती लागतं? साधारण १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. उपडं केलेल्या बॅरलच्या घडीत तेवढं सहज राहतं. मग ते भंगारात जातं, कोणीतरी पाण्याची टाकी नाहीतर चूल करायला गॅस कटर लावतो, आणि झाकण उडून अंगावर येतं. केमिकल लागलेली रिकामी बॅरल ही २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात, ती अधिकृत रिसायकलरलाच द्यायची, दारावर आलेल्या भंगारवाल्याला नाही. देईपर्यंत बुचं घट्ट लावून सावलीत ठेवा, लेबल फाडू नका, आणि गावाकडे शेतावर पाणी भरायला द्या म्हणून कोणी कितीही ओळखीचं मागत असलं तरी देऊ नका.